गाळ्याचे भाडे आणि मुंबईचे भवितव्य

महाराष्ट्राच्या अर्थकारणावर गेली तीन-चार वर्षे जो वाद चालला आहे, तो बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या वादासारखा झाला आहे. बांध कोणी सरकवला यावर तोंडाला तोंड लागते, आणि शेतात काय पिकते आहे हे पाहायचे राहून जाते. एक बाजू म्हणते की प्रकल्प गुजरातने पळवले, दिल्लीने पळवू दिले आणि मुंबईचे महत्त्व जाणूनबुजून कमी केले जात आहे. दुसरी बाजू परकीय गुंतवणुकीचे आकडे पुढे करते, उड्डाणपूल, मेट्रो आणि सागरी सेतू मोजून दाखवते आणि एक लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेचा मुहूर्त सांगते. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी थोडे खरे सापडते, म्हणूनच वाद संपत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या महानगराचे पुढच्या वीस वर्षांतले भवितव्य कोणता प्रकल्प कोणत्या राज्यात गेला यावर ठरणार नाही. पंचवीस हजार रुपये पगाराचा माणूस आपल्या कामाच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरात घर घेऊन किंवा भाड्याने राहू शकतो का, आणि पाच माणसांना काम देणारा लहान कारखानदार इथल्या गाळ्याचे भाडे भरून तग धरू शकतो का, यावर ते ठरेल.

साकीनाक्याच्या एका जुन्या औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर एक गाळा होता. तिथे माझे अनेक वर्षे जाणे-येणे असे. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, कोपऱ्यात लोखंडाच्या कातणाचा ढीग, भिंतीवर गणपतीच्या तसबिरीखाली टांगलेले मायक्रोमीटर. मालक मूळचे सांगलीकडचे. मोठ्या कंपन्यांसाठी व्हॉल्व्हचे सुटे भाग जॉबवर्कवर करून देत. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असे आणि दर करारागणिक भाडे वाढे. कामाचे दर मात्र चार-चार वर्षे तेच राहत, कारण तोच भाग राजकोटला कमी पैशांत होतो हे कंपनीच्या खरेदी विभागाला ठाऊक होते. शेवटी त्यांनी यंत्रे उचलून वसई पूर्वेला नेली, आणि तिथेही भाडे चढू लागल्यावर उंबरगावला, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून लगेच पलीकडे. त्यांचा मुख्य कातारी कुर्ल्याला दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा, मुले इथल्या शाळेत, म्हणून तो गेला नाही. आज तो एका इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याचे काम करतो. शतांश मिलिमीटरचे माप बोटांना कळणारा तो माणूस. त्या गाळ्यात आता मोबाइलवरून मागवलेल्या किराण्याचे गोदाम आहे. हाही महाराष्ट्रातून गुजरातला गेलेला एक उद्योगच होता, पण त्यावर विधानसभेत प्रश्न विचारला गेला नाही, आणि असे किती गाळे रिकामे झाले याची यादी कोणत्याही पक्षाच्या पत्रकात छापून येत नाही.

प्रकल्प गेल्याची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात बळ आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र कसे करता येईल याचा पर्सी मिस्त्री समितीचा अहवाल 2007 मध्ये केंद्र सरकारच्या हाती आला होता. प्रत्यक्षात असे केंद्र 2015 मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत सुरू झाले, आणि त्यासाठीचे नियामक प्राधिकरण 2020 मध्ये नेमले गेले तेव्हा त्याचे मुख्यालयही तिथेच झाले. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही मोठे शेअर बाजार आणि देशातल्या बहुतेक मोठ्या बँका ज्या शहरात आहेत, ते शहर सोडून करसवलतींचे कुंपण दुसरीकडे घातले गेले. हा निर्णय बाजाराने घेतला नाही, तो राज्यसत्तेचा निर्णय होता. त्यावर मुंबईकराने चिडणे रास्त आहे.

पण त्याच तक्रारीची दुसरी बाजूही पाहा. सप्टेंबर 2022 मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असे जाहीर झाले, आणि महाराष्ट्रात महिनोन्महिने रान उठले. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. जो कारखाना पुढे कुठेच उभा राहिला नाही, त्याच्यावर आपण निवडणुकीची भाषणे खर्च केली. त्याच काळात वसई, भिवंडी, अंबरनाथ या पट्ट्यात लहान उद्योगांना काय दराने वीज मिळते, किती दिवसांनी परवाने मिळतात, जागेचे भाडे काय आहे, यांवर अशीच एखादी जोरदार चर्चा झाली असती तर?

इतिहास इथे आपल्याला काहीतरी सांगतो. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरची पेढी म्हणजे सुरत. मुंबई हे दलदलीचे, हिवतापाचे बेट होते. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने 1669 ते 1677 या काळात सुरतेच्या आणि किनाऱ्यावरच्या वाणी, पारशी, आर्मेनियन व्यापाऱ्यांना इथे बोलावले ते धर्माची मोकळीक, न्यायालय आणि संरक्षण यांच्या आश्वासनावर, आणि 1687 मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला आणले. म्हणजे सुरतेचा व्यापार मुंबईने ओढून घेतला, तो माणसाला इथे राहणे, धंदा करणे आणि सुरक्षित असणे शक्य केले म्हणून. डिसेंबर 2023 मध्ये सुरतेत अवाढव्य डायमंड बोर्सचे, म्हणजे हिरेबाजाराच्या संकुलाचे, उद्घाटन झाले तेव्हा मुंबईत पुन्हा हाकाटी झाली. पण वांद्रे-कुर्ला संकुलातला 2010 पासून चालणारा भारत डायमंड बोर्स त्यामुळे ओस पडला नाही. खरेदीदार, बँका आणि विमानतळ इथे होते. नुसती इमारत बांधून बाजार हलत नाही, हे त्यातून दिसले. आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले तेव्हा सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणारी कामगार मुलगी या दोघांच्याही पोटाला एकाच वेळी चिमटा बसला. त्या दोघांना एकमेकांचे शत्रू म्हणून उभे करणाऱ्या राजकारणाने त्यांच्यापैकी कोणाची रोजी वाचवली?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. 2024-25 मध्ये देशात आलेल्या थेट परकीय भांडवलापैकी सुमारे 39 टक्के महाराष्ट्राच्या नावावर लागले, हे खरे आहे. पण कंपनीचे मुख्यालय किंवा नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असले की पैसा मुंबईच्या खात्यात मोजला जातो. त्या पैशाचा कारखाना तमिळनाडूतल्या होसूरला उभा राहतो की गुजरातेतल्या जामनगरला, हे त्या आकड्यातून कळत नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर 2024 मध्ये राज्यांच्या तुलनेचा जो निबंध काढला, त्यात देशाच्या उत्पन्नातला महाराष्ट्राचा वाटा 15 टक्क्यांच्या वरून 2023-24 मध्ये 13.3 टक्क्यांवर आलेला दिसतो. आजही तो सर्व राज्यांत पहिलाच आहे, आणि दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या दीडपट आहे. तरीही उतरण ती उतरणच. शिवाय वाढ कोणत्या जातीची आहे हेही पाहावे लागते. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालच्या केबल इथे किनाऱ्याला लागतात, त्यामुळे हे स्वाभाविक आहे आणि चांगलेही आहे. मात्र हजारो कोटींच्या त्या इमारतीत आत गेलात तर यंत्रांची घरघर ऐकू येते आणि माणसे मोजकी दिसतात. नीती आयोगाने मुंबई महानगर प्रदेशाचे उत्पन्न 140 अब्ज डॉलरवरून 2030 पर्यंत 300 अब्ज डॉलरवर नेण्याचा आराखडा 2024 मध्ये मांडला. अब्जांचा हिशेब झाला, पण घोडबंदरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पदवीधराला त्यातले कोणते काम मिळणार, आणि ते करताना तो राहणार कुठे?

‘मुंबईचे कलकत्ता होईल’ अशी भीती अधूनमधून ऐकू येते. त्याच निबंधानुसार पश्चिम बंगालचा देशाच्या उत्पन्नातला वाटा 1960-61 मध्ये 10.5 टक्के होता, तो 5.6 टक्क्यांवर आला. पण कलकत्त्याची कारणे वेगळी होती. फाळणीने ताग पिकवणारा मुलूख तोडला, रेल्वेभाड्याच्या समानीकरणाने, म्हणजे कोळसा-पोलादाचे भाडे देशभर सारखे केल्याने, ते जवळ असण्याचा फायदा काढून घेतला, आणि भांडवल शहर सोडून गेले. मुंबईतून भांडवल जात नाही. उलट ते इतके साचले आहे की जमिनीत मुरून बसले आहे. आपला रोग कलकत्त्याचा नव्हे. आपल्याकडे कमाईचा मोठा भाग जागेच्या किमतीत जातो. कामगाराच्या पगारातून तो भाड्याच्या रूपाने जातो, कारखानदाराच्या नफ्यातून गाळ्याच्या रूपाने, दुकानदाराच्या गल्ल्यातून पागडी आणि डिपॉझिटच्या रूपाने. जे हातात उरते त्यातून नवे यंत्र येत नाही.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही, आणि एके काळी शहर चालवणाऱ्यांना तो नीट कळलाही होता. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी उभी केली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत परळ-लालबागची गिरणगाव झाली. 1896 च्या प्लेगमध्ये माणसे गाव जवळ करू लागली आणि गिरण्यांचे साचे थांबू लागले, तेव्हा गोऱ्या सरकारला आणि गिरणीमालकांना एकदम उमगले की कामगार राहिला नाही तर कापड निघत नाही. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले, आणि त्याच्या चाळींसाठी पैसा उभा केला तो मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून. ज्या मालावर गिरण्या चालत, त्याच मालाने कामगाराच्या डोक्यावर छप्पर घालायचे, असा तो सरळ हिशेब होता. ठरवली होती 50 हजार बिऱ्हाडे, झाली 16 हजारांच्या आसपास, आणि काँक्रीटच्या त्या खोल्यांबद्दल त्या काळीही तक्रारी होत्या. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या त्या 207 इमारतींनी शंभर वर्षे माणसे कामाजवळ ठेवली. त्यांच्या जोडीला खानावळी होत्या. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या गडीमाणसांना गिरणगावच्या बायका दोन वेळ जेवू घालत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्याच बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ बांधले. स्वस्त खोली आणि उधारीवरची थाळी ही मुंबईच्या कापडाची न दिसणारी सबसिडी होती.

मग 1982 आले. 18 जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या संपामुळेच बुडाल्या हे म्हणणे मला पटत नाही, कारण जिथे असा संप झाला नाही त्या अहमदाबादच्या गिरण्याही पुढच्या पंधरा वर्षांत बंद पडत गेल्या. यंत्रमाग आणि कृत्रिम धागा यांच्यापुढे जुनी गिरणी टिकली नसतीच, हे मान्य करायला हवे. कारखाने जाणे अटळ होते, पण त्यांची जमीन कशी वाटायची हे आपल्या हाती होते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तोडगा होता: विकसित होणाऱ्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि हा वाटा सगळ्या जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या भूखंडापुरता राहिला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. परळच्या काचेच्या इमारती आज जिथे उभ्या आहेत, तिथे त्यांच्या शेजारीच हजारो साध्या घरांना जागा झाली असती. त्याऐवजी घरासाठी अर्ज केलेल्या दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि वारसांना आज बदलापूरच्याही पलीकडच्या शेलू आणि वांगणीची वाट दाखवली जाते, आणि जुलै 2025 मध्ये सत्तरी-ऐंशीतली ती माणसे भर पावसाळ्यात आझाद मैदानावर येऊन बसली होती.

यात एक गोष्ट बोलली जात नाही, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1 जुलै 2017 ला वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबई महापालिकेची जकात गेली. राज्य सरकारकडून भरपाई मिळते, पण पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात बांधकामाच्या परवानग्या, जादा चटईक्षेत्राचे प्रीमियम आणि मालमत्ता कर यांचे वजन फार वाढले. राज्य सरकारचे तसेच. 2024 मध्ये एकट्या मुंबई शहर-उपनगरांतल्या मालमत्ता नोंदणीतून मुद्रांक शुल्काचे 12 हजार कोटींहून अधिक रुपये तिजोरीत आले. म्हणजे ज्यांनी जमिनीचे भाव आवाक्यात आणायचे, त्यांचीच तिजोरी भाव चढण्यावर भरते. हा कोणा एका पक्षाचा दोष नाही. ही रचनाच तशी आहे, आणि म्हणून सरकारे बदलली तरी धोरण बदलत नाही. त्यात मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे, 15 जानेवारी 2026 ला मतदान होईपर्यंत, महापालिकेत नगरसेवकच नव्हते. 74 हजार कोटींच्या वर अंदाजपत्रक असलेल्या शहराला या विषयावर जाब विचारायला निवडून आलेले सभागृह नव्हते.

याला जे उत्तर दिले जाते, ते मी हलके मानत नाही. मुंबई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली चिंचोळी पट्टी आहे, इथे जागा महाग असणारच, आणि महाग जागा हे शहराला मागणी असल्याचेच लक्षण आहे. लंडन, न्यूयॉर्कही महाग आहेत. शिवाय आता अटल सेतू झाला, मेट्रो तीन आरे ते कफ परेड धावू लागली, नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला, वाढवणचे बंदर येते आहे. शहर पसरेल आणि भाव उतरतील, असा हा युक्तिवाद आहे. वाहतुकीची ही कामे गरजेची होती, त्यांना विरोध करणाऱ्यांत मी नाही. पण अटल सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचा पथकर 250 रुपये होता, आणि बदलापूरहून लोअर परळला येणारी बँकेच्या कॉल सेंटरमधली मुलगी त्या सेतूवरून जात नाही. ती पहाटे उठून डबा भरते, आधीच भरून आलेल्या लोकलच्या दारात एक पाय ठेवायला जागा शोधते, आणि घरी परत येईपर्यंत दिवसाचे चार तास रुळांवर घालवते. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ भरधाव लोकलच्या दारांतून माणसे पडून मेली, ती अशीच कामावर निघालेली होती. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली आणि ठाणे जिल्हा देशात सर्वांत मोठा झाला. काम दक्षिणेला राहिले आणि माणूस उत्तरेला ढकलला गेला. चार तास प्रवास करून आलेला माणूस संध्याकाळी नवे कौशल्य कधी शिकणार, स्वतःचा धंदा कधी काढणार?

चीनला पर्याय शोधत कारखाने भारतात येत आहेत, ते तमिळनाडूत का जात आहेत याचे एक उत्तर श्रीपेरुंबुदूरजवळच्या वल्लम वडगलला पाहायला मिळते. तिथे ऑगस्ट 2024 मध्ये राज्याच्या औद्योगिक महामंडळाने 18,720 कामगार स्त्रियांसाठी वसतिगृह उभे केले. खर्च आला सुमारे 706 कोटी. फोन जुळवणाऱ्या मुली कारखान्यापासून जवळ, सुरक्षित जागी राहतील, हा राज्याने उद्योगासमोर ठेवलेला शब्द होता. आपले राज्य 1 मे 1960 ला जन्मले, त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूरने आपले गृहनिर्माण मंडळ काढले. आज तिथली बहुसंख्य कुटुंबे त्या मंडळाच्या घरांत राहतात. सिंगापूर स्वतंत्र देश आहे, जमीन घेण्याचे त्याचे अधिकार आपल्याकडे नाहीत, हे खरे. आपला 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा फसला आणि 2007 मध्ये महाराष्ट्राने तो रद्द केला, हेही खरे. सरकारी घरबांधणीत सावकाशी आणि वशिला किती, हे म्हाडाच्या सोडतीला अर्ज भरणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण कायदा फसला म्हणून गरज संपते का? विकत घेण्याच्या घरांची सोडत हा एकच मार्ग आपण धरून बसलो आहोत. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत माणसाला विकतच्या घरापेक्षा भाड्याची, कायदेशीर करार असलेली, पुढच्या महिन्यात बाहेर काढले जाणार नाही अशी खोली हवी असते. कारखानदारालाही गाळा मालकीचा नको असतो, भाडे दहा वर्षे अंदाजात राहील अशी हमी हवी असते. हे दोन्ही सरकारी जमिनीवर, जमीन न विकता, करता येते.

अशी जमीन शिल्लक आहे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर मुंबई बंदर प्राधिकरणाकडे सुमारे 1,800 एकर जमीन आहे आणि तिची मालकी केंद्राची आहे. 1989 मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाल्यापासून मालाची वर्दळ खाडीपलीकडे गेली. गोदामे, भंगाराचे अड्डे आणि जुने भाडेपट्टे मात्र मागे राहिले. 2018 मध्ये तिच्या विकासाच्या आराखड्याचा मसुदा आला. पर्यटन, मरिना आणि व्यापारी संकुले यांची बरीच चर्चा झाली, भाड्याच्या घरांची आणि गाळ्यांची फारशी झाली नाही. दिल्ली मुंबईवर अन्याय करते असे ज्यांना मनापासून वाटते, त्या महाराष्ट्राच्या खासदारांनी गिफ्ट सिटीचे गाऱ्हाणे मांडताना ही जमीनही मागावी, आणि मागताना ती कोणासाठी हवी तेही लिहून द्यावे. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन आणि शिवडी ही हार्बरची चारही स्थानके या जमिनीच्या कडेला, चालत दहा मिनिटांवर आहेत. कॉटन ग्रीनच्या वखारींत एके काळी कापसाच्या गाठी रचलेल्या असत, ज्यांच्यापैकी प्रत्येकीवर एक रुपया घेऊन नायगावच्या चाळी बांधल्या गेल्या.